वाटणीत आलेली एक पुतळी: खरी व्हेनिसची की इथली नक्कल? आणि किंमत कोणाला विचारायची?

भोकाचा_पैसा
नमस्कार मंडळी. मी नाणी जमवतो, पण आजवर तांबं आणि निकेल यांच्या पुढे गाडी गेली नव्हती. १९४३ चा भोकाचा पैसा, नागमोडी कडेचा आणा, थोड्या शिवराया, एवढाच संसार. आता सोनं हातात आलंय आणि काय करायचं ते सुचत नाही.
आमच्या मोठ्या काकूंचा पुतळ्यांचा हार मागच्या महिन्यात भावंडांत वाटला गेला. बाकीच्यांनी आपापल्या पुतळ्या सोनाराकडे मोडीत घातल्या. मी एक ठेवून घेतली. जेमतेम २० मिलिमीटर रुंद, पातळ, कडा वेडीवाकडी. एका बाजूला उभा माणूस गुडघे टेकलेल्या माणसाच्या हातात काठी का झेंडा देतोय. दुसऱ्या बाजूला लंबगोलात उभी आकृती, भोवती चांदण्या. कडेला रोमन अक्षरं आहेत, पण नीट लागत नाहीत. वर कडी होती, ती सोनाराने काढून दिली, तिथे खरखरीत ठिपका राहिलाय. सोनार म्हणाला, "राम-सीता आहेत, आत सोनं चोख आहे, भावाने घेतो."
प्रश्न असे: (१) हे नाणं आहे की नाण्यासारखा दागिना? (२) नाणं असेल तर कुठलं, कधीचं? (३) सोन्याच्या भावापेक्षा जास्त काही मिळतं का? विकायचं नाही, पण कळायला हवं.

चिंचगुळे
हार मोडून वाटणी?? काकूंचा आत्मा तुमच्या पासबुकात येऊन बसेल. :)

टंच_मास्तर
(मी पिढीजात सराफी धंद्यातला, पण दुकान आता भाऊ बघतो.)
राम-सीता नाहीत. पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट नावाचं सोन्याचं नाणं. उभा आहे तो संत मार्क, गुडघे टेकलेला तिथला डोज, म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निवडलेला प्रमुख. दुसऱ्या बाजूला येशू, आशीर्वादाचा हात वर आणि दुसऱ्या हातात पुस्तक. हे नाणं १२८४ मध्ये डोज जोव्हान्नी डांडोलोच्या काळात सुरू झालं आणि चित्र जवळजवळ तेच ठेवून १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत पडत राहिलं. पाचशे वर्षं एकच चेहरामोहरा, म्हणून तर आपल्या बाजारात त्याच्यावर डोळे मिटून विश्वास होता. तांबड्या समुद्राच्या वाटेने सुरत, गोवा, मलबारला यायचं. मिरे, कापड जायचं, सोनं यायचं.
पेशवाईतल्या हिशेबांत पुतळ्यांच्या नोंदी असतात. आपल्याकडे ती आधी चलन होती, मग दागिना झाली.
आता खरी गंमत. इतकी मागणी म्हटल्यावर इथल्या कारागिरांनीही ती पाडली. फसवायलाच असं नाही, हारासाठी हवी म्हणून. त्यामुळे "पुतळी" म्हटल्यावर तीन वस्तू येतात: व्हेनिसची, इथे पाडलेली घट्ट सोन्याची, आणि अलीकडची पत्र्याची, जिच्यावर लक्ष्मी उठवलेली असते. तुमची तिसरी नाही एवढं वर्णनावरून नक्की. पहिली की दुसरी ते बघू.
वजन सांगा. ०.०१ चा किचन काटा नको, सराफाचा तीन दशांशांचा हवा.

कोचीकर
राम-सीतेवरून आठवलं. इकडे दक्षिणेत याच नाण्याला शाणार काशू म्हणायचे. शाणार म्हणजे ताडी काढणारा. झेंड्याची काठी ताडाच्या खोडासारखी दिसते आणि खाली डोज गुडघे टेकून बसलेला. ज्याला जे दिसलं ते!

चिंचगुळे
म्हणजे व्हेनिसचा राजा इकडे आला आणि झाडावर चढला. जमलं.

भोकाचा_पैसा
मास्तर, धन्यवाद. काल सराफाकडे वजन केलं: ३.४७० ग्रॅम. भरपूर उजेडात भिंगाखाली पाहिल्यावर उभ्या माणसाच्या मागे वरून खाली 'एस एम व्हेनेट' असं लागतंय. बसलेल्याच्या मागे 'एल व्ही डी ओ...' आणि पुढे बहुतेक 'मॅनिन'. काठीजवळ 'डी व्ही एक्स'. मागच्या बाजूची ओळ फार झिजलीय, शेवटी 'डीव्हीकॅट' एवढं दिसतं.
फोटो दिलाय, पण माझा मोबाईल सोनं दिसलं की सगळं पांढरं करतो.

टंच_मास्तर
वजन बरोबर बसतंय. नवं डुकाट साधारण ३.४९ ग्रॅमचं. दोनशे वर्षं गळ्यात घासलेली पुतळी ३.४७ भरली तर आनंदच आहे. आपल्या जुन्या मापात साडेतीन मासे म्हणा (तोळ्याचे १२ मासे, तोळा ११.६६ ग्रॅम).
लुडोव्हिको मॅनिन हा शेवटचा डोज, १७८९ ते १७९७. नेपोलियन दारात आल्यावर गादी सोडली तोच.

सालवार_शोधा
मास्तर, थोडं थांबा. 'मॅनिन' वाचता येतंय म्हणून खरं, असं लगेच नको म्हणायला. नक्कल करणाऱ्यांसमोरही शेवटची पुतळी मॅनिनचीच होती, त्यामुळे त्याच्या नावाच्या नकला भरपूर आहेत. फरक अक्षरांत बघायचा. इथल्या कारागिराला रोमन लिपी येत नव्हती. तो अक्षर वाचत नाही, आकार उतरवतो. मग उभ्या रेघा, गोल, परत उभ्या रेघा अशी ओळ होते आणि मागच्या बाजूला तर ती सरळ नक्षीच बनते. खऱ्या नाण्यावर मागची लॅटिन ओळ तुकड्यातुकड्याने का होईना लागते. तिचा अर्थ असा की, हे ख्रिस्ता, तू ज्यावर राज्य करतोस ते हे राज्य तुला अर्पण असो.
भोकाचा पैसा, तुम्ही मागच्या बाजूला 'डीव्हीकॅट' वाचलंत, तिथून मागे जा. त्याआधी 'आयएसटीई' आणि त्याआधी 'रेजिस' दिसायला हवं. फोटोसाठी नाणं पांढऱ्या नाही, करड्या कागदावर ठेवा, दिवा बाजूने तिरपा लावा आणि फ्लॅश बंद. आणि नाण्याचा फोकस हाताने धरा, मोबाईलवर सोडू नका.

मळ्याकाठी
माझ्या आजोळी अशा पुतळ्या होत्या. एकीवर 'मोचेनिगो' वाचता आलं, म्हणून मामाने १५७० सालची सांगून सगळ्या गावाला दाखवली.

सालवार_शोधा
मामांना सांगा, अल्विसे मोचेनिगो नावाचे डोज चार झाले. पहिला १५७० ते ७७, चौथा १७६३ ते ७८. आपल्याकडे सापडणाऱ्या बहुतेक अठराव्या शतकातल्या. नुसतं नाव वाचून शतक ठरत नाही, अक्षरांची ठेवण आणि आकृत्यांची घडण बघावी लागते.

मळ्याकाठी
दोनशे वर्षं एका फटक्यात गेली. मामांना तुम्हीच सांगा, मला जेवायला जायचंय त्यांच्याकडे.

आर्किमिडीजचा_भाचा
कसोटीवर घासू नका एवढं आधी सांगतो. सोनार दगडावर ओढतो ती रेघ त्याच्यासाठी शून्य पॉइंट काही असेल, संग्राहकासाठी ती कायमची जखम. घरी करता येईल असा उपाय म्हणजे पाण्यात वजन.
काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा. पुतळी अगदी बारीक दोऱ्याने बांधा आणि पूर्ण बुडेल पण तळाला-कडेला टेकणार नाही अशी हाताने धरा. काटा जे दाखवेल तेवढं तिने सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागा. चोख सोनं १९.३ च्या आसपास, २२ कॅरेट १७.८ च्या आसपास, पितळ साडेआठ.
पण काटा ०.००१ चाच हवा. हिशेब करून बघा: ३.४७० ची पुतळी चोख असेल तर पाणी ०.१८० सरतं, २२ कॅरेट असेल तर ०.१९५. फरक फक्त १५ मिलिग्रॅम. ०.०१ च्या काट्यावर हा फरक हवेत जातो. नाण्यावर बुडबुडा चिकटला तरी आकडा बिघडतो, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब.

चिंचगुळे
सासऱ्यांची अंगठी बुडवून बघू का? लग्नापासून शंका आहे.

आर्किमिडीजचा_भाचा
खडा असेल तर आकडा चुकेल. शंकाही तशीच राहू द्या, घर शाबूत राहील.

टंच_मास्तर
भाच्याचं गणित बरोबर, पण त्यातून फक्त कस कळतो, जन्म कळत नाही. इथल्या चांगल्या कारागिराने पाडलेली पुतळीही चोख सोन्याची असू शकते. दुकानातलं कॅरेटोमीटरही कसच सांगतं, तेही वरवरचा. आधी वजन, मग कस, मग अक्षरं आणि घडण. ती साखळी जिथे तुटेल तिथे थांबायचं.
ओतीव नक्कल ओळखायची तर भिंगाखाली कडा बघा. साच्यात ओतलेल्या नाण्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेला जोडाची रेघ असते, अक्षरांच्या कडा बोथट. ठोकलेल्या नाण्यात धातू वाहिल्यासारखा दिसतो आणि कडा कातरल्यासारखी ओबडधोबड. भोकाचा पैसा, तुमची कडा वेडीवाकडी आहे हे चांगलंच आहे.

जर्सीवाली_वैनी
धाग्यात मधेच येतेय. आमच्याही घरी हार वाटला जाणारे, माझ्या वाट्याच्या पुतळ्या मी इकडे अमेरिकेत नेऊ शकते का? पर्समध्ये टाकून आणायच्या की घोषित करायच्या?

सालवार_शोधा
वैनी, दोन्ही नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष आहे आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. पत्र्याची आधुनिक पुतळी असेल तर प्रश्न नाही, पण विमानतळावर तो वाद घालण्यापेक्षा पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधीच घ्या. व्हेनिसची निघाली तर इथेच ठेवा. घरात ठेवायला बंदी नाही.
आणि हे सगळ्यांसाठी: जमिनीत सापडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं. हारातून आलेल्या पुतळीला तो लागत नाही.

गड_गोफण
पुतळ्या वगैरे ठीक, माझ्या मित्राच्या काकांकडे शिवरायांचा होन आहे. सोन्याचा. किती येतील?

सालवार_शोधा
एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', वजन पावणेतीन ग्रॅमच्या जवळपास, कडेला ठिपक्यांची माळ. असं असलं तरी खरा समजू नका. अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजावे इतके आणि नकला गडाच्या पायथ्याला ढिगाने. काकांनी कुठून घेतला?

गड_गोफण
रस्त्याच्या कामावरच्या एका मजुराकडून. त्याला खोदताना हंडा सापडला म्हणे. स्वस्तात दिला बिचाऱ्याने.

टंच_मास्तर
तो बिचारा गेली पन्नास वर्षं महाराष्ट्रात फिरतोय. पहिलं नाणं खरं सोन्याचं देतो, सोनाराकडे दाखवून या म्हणतो. उरलेली पिशवी पितळेची.

गड_गोफण
काकांना पिशवीच घेतलीय.

चिंचगुळे
'काकांना' की 'काकांनी'? व्याकरणाइतकीच परिस्थिती बिघडलेली दिसते.

मोहोर_ना_गोहोर
नवीन संग्राहकांना माझा सल्ला वेगळा आहे. सोन्यात पाऊल टाकायचं तर पुतळी, होन, मुघल मोहोर यांच्या वाटेला जाऊ नका. गिनीपासून, म्हणजे ब्रिटिशांच्या सोन्याच्या पौंडापासून सुरू करा. ब्रिटिश पौंडाची मापं ठरलेली: ७.९९ ग्रॅम, २२ कॅरेट, २२.०५ मिलिमीटर. मापात नसेल तर बाद, विषय संपला. चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुची याचं, घोड्यावरचा संत जॉर्ज आणि खाली ड्रॅगन. टांकसाळीचं अक्षर शोधायला मजा येते. पाचव्या जॉर्जच्या नाण्यांवर घोड्याखालच्या जमिनीवर, सालाच्या डोक्यावर बघा: एस सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, आणि आय असेल तर आपली मुंबई. मुंबईचे पौंड फक्त १९१८ चे. महायुद्धात सोनं समुद्रावरून नेणं जोखमीचं होतं, म्हणून इथेच पाडले. त्याच साली मुंबईत १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही पडलं, त्याचं वजन आणि कस पौंडाइतकाच. ते मात्र सहज मिळत नाही आणि भाव खूप वर जातो.

सालवार_शोधा
"मापात बसलं की विषय संपला" याला माझा विरोध आहे. १९५०-६० च्या दशकांत बैरुतकडे पाडलेल्या नकली गिन्या मापात बसतात, सोनंही बऱ्याचदा पूर्ण असतं. सोन्याच्या भावाने घेतलीत तर तोटा नाही, पण जरा दुर्मीळ साल म्हणून दीडपट दिलेत तर तो वरचा अर्धा गेला. तपासाच्या बाबतीत गिनीही पुतळीसारखीच, फक्त तक्ता जास्त सोपा.

मोहोर_ना_गोहोर
मान्य. पण सुरुवात करणाऱ्याला तक्ता हवाच. पुतळीत तक्ता कुठे आहे? सगळं नजरेवर. ती नजर यायला दहा खऱ्या आणि दहा खोट्या हातात घ्याव्या लागतात.

टंच_मास्तर
त्यासाठीच प्रदर्शनांना जा. पुण्यात, मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, व्यापारी भिंग देतात, विचारलं तर बोलतात. अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. काचेपलीकडून का होईना, अस्सल वस्तू डोळ्यांत बसते.

भोकाचा_पैसा
परत आलो. तिरप्या उजेडाची युक्ती भारी आहे. मागच्या बाजूला 'रेजिस' आणि 'आयएसटीई' दोन्ही दिसले. फोटो वर जोडलेत. पाण्यातलं वजनही झालं: ०.१८१. म्हणजे १९.१७.
सराफाने भांड्यात टाकून ब्रशने स्वच्छ करून देतो म्हटलं, मी पुतळी हातातून सोडली नाही.

सालवार_शोधा
उत्तम केलंत! उजाळा अजिबात देऊ नका. रिठ्याचं पाणीसुद्धा नको. खोबणीतला मळ बाहेर निघेल आणि त्यासोबत नाण्याच्या पृष्ठभागाचा मूळ पोतही.
फोटो पाहिले. अक्षरांना कोन आहेत, 'आर' चा पाय सुटा आहे, संत मार्कच्या झग्याच्या रेघांना दिशा आहे. नकलेत झगा म्हणजे नुसत्या समांतर चिरा होतात. डोजची टोपी मागे वळलेली, तीही नीट आहे. माझ्या मते व्हेनिसची, लुडोव्हिको मॅनिन. हातात न घेता शंभर टक्के कोणी सांगणार नाही. सांगितलं तर त्याच्यापासून सावध राहा, माझ्यासकट.

टंच_मास्तर
सहमत. आता किंमत. सोन्याचा हिशेब सोपा: ३.४७ गुणिले त्या दिवसाचा चोख सोन्याचा ग्रॅमचा भाव. समजा ग्रॅमला १०,००० धरले तर ३४,७०० च्या आत थोडं. सोनार मोड म्हणून घेताना घट कापेल, कडीच्या जागची सांधणी दाखवेल. हा झाला तळ. त्याच्या खाली कोणाला देऊ नका.
वर किती? मॅनिन दुर्मीळ नाही. अशी नाणी बाजारात कायम असतात, कारण अठराव्या शतकातली डुकाटं आपल्याकडे अमाप आली. आणि तुमच्या नाण्याला कडी लावलेली होती. ती खूण असलेलं नाणं संग्राहक बाजूला सारतो किंवा पाडून मागतो. तेव्हा सोन्याच्या भावापेक्षा थोडं जास्त, एवढंच. बिनकडीचं, धारदार ठशाचं असतं तर बोलणं वेगळं.

चिंचगुळे
म्हणजे इतकं करून सोन्याच्याच भावात?

मोहोर_ना_गोहोर
इथेच तर नवे लोक गंडतात. दोनशे वर्षं जुनं म्हणजे महाग, हे समीकरण मोडा. किती उरलीत, कोणाला हवीत आणि कोणत्या अवस्थेत, या तीन गोष्टींवर किंमत. वयाला वेगळा भत्ता नाही. आणि भाव बघायचा तर जाहिरातीत मागितलेला नको, लिलावात प्रत्यक्ष आलेला बघा. मुंबईतले टोडीवाला, अहमदाबादचं क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी अशा घरांच्या जुन्या लिलावांचे निकाल ऑनलाइन असतात. तुमच्या नाण्यासारखं, तशाच झिजेचं आणि तशीच कडीची खूण असलेलं शोधा. सगळ्यात सुंदर नाण्याचा भाव आपल्या नाण्याला लावू नका, तो मोह सगळ्यांना होतो.

मळ्याकाठी
आणि "जुनी नाणी विका, पन्नास लाख मिळवा" वाल्यांचे फोन? आमच्या शेजाऱ्याकडून आधी "नोंदणी शुल्क" म्हणून पैसे घेतले आणि गायब.

सालवार_शोधा
रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदनच काढलं होतं, आपलं नाव वापरून असे पैसे मागतात म्हणून. बँक अशा व्यवहारात नसते आणि कुणाला शुल्क मागायला नेमतही नाही. विकणाऱ्याकडूनच आगाऊ पैसे मागितले की समजावं.

जर्सीवाली_वैनी
माझ्या पुतळ्या इथल्या आहेत की तिकडच्या ते आता बहिणीला बघायला सांगते. तिच्याकडे भिंग नाही, मोत्याच्या दुकानातून आणायला लावते. दहापट चालेल ना?

आर्किमिडीजचा_भाचा
दहापट अगदी बरोबर. त्याहून जास्त घेतलंत तर अर्धंच नाणं दिसेल आणि हात हलत राहील.

भोकाचा_पैसा
सगळ्यांचे आभार. पुतळी विकत नाहीये. बाकीच्या भावंडांच्या पुतळ्या अजून सोनाराने वितळवल्या नसतील, तर एक-दोन सोन्याच्या भावाने परत घेता येतात का बघतो. पहिल्याच फोनला धाकटा भाऊ म्हणाला, "आता तू मागतोयस म्हणजे नक्कीच महाग असणार, मी नाही देत."
बाकी एक विचारायचं होतं: साठवायला त्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं तर चालेल का?

सालवार_शोधा
मऊ पीव्हीसीचं नको, कालांतराने त्यातून चिकट हिरवट थर सुटतो. सोन्याला त्रास कमी, पण तुमच्या तांब्याच्या शिवराया त्याच पेटीत असतील तर त्या गेल्याच समजा. पुठ्ठ्याच्या चौकटीतलं मायलर, म्हणजे पातळ पारदर्शक पॉलिएस्टर, घ्या. पिन मारताना नाण्याला खरचटणार नाही इतकी मोठी चौकट निवडा आणि चौकटीवर वजन, तारीख, कोणाच्या हारातलं ते पेन्सिलने लिहून ठेवा.

गड_गोफण
आणि माझ्या पिशवीचं काय?

टंच_मास्तर
एक काढा, वजन करा, पाण्यात बुडवा, आकडे इथे टाका. साडेआठ आला तर काकांना बसवून मग सांगा.